पॉलिश : काढणारे की घालणारे?

पॉलिश या एका शब्दाने मराठीत मोठा गोंधळ घालून ठेवला आहे. तांदळाला पॉलिश करतात तेव्हा दाण्यावरचा कोंडा निघून जातो. बुटाला पॉलिश करतात तेव्हा कातड्यावर मेणाचा थर चढतो. फरशीचे पॉलिश म्हणजे वरचा थर घासून काढणे, तर लाकडी कपाटाचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख त्यावर चढवणे. सुताराजवळचा पॉलिश पेपर तर निव्वळ घासण्याचाच. सोनाराच्या दुकानात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. जुन्या बांगड्या पॉलिशला टाकल्या तर त्यांचे वजन किंचित का होईना घटते, आणि पितळेच्या बांगडीला सोन्याचे पॉलिश दिले तर ते किंचित वाढते. काढणे आणि घालणे या अगदी उलट क्रिया. नाव मात्र एकच.

गाड्यांच्या रंगासाठी मिळणाऱ्या पॉलिश आणि वॅक्सच्या डब्यांवर आम्ही येथे टीका करणार आहोत, ती मुख्यतः या गोंधळाबद्दल. शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर आपला विद्यार्थी जे ‘वैज्ञानिक’ लिखाण वाचतो त्यात डब्यांवरचा मजकूर फार मोठा आहे, आणि तो वाचायला आपण त्याला शिकवत नाही. भिवंडीसारख्या गावात तर हा मजकूर थेट पोटापाण्याशी जोडलेला आहे. अंजूरफाटा, माणकोली, राजनोली या बाजूंना गोदामांपुढे ट्रक आणि टेंपोंच्या रांगा असतात. गावात रिक्षा आहेत, मोटरसायकली आहेत. आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे घर यांपैकी एखाद्या गाडीवर चालते. गाडीचा रंग गेला की पत्रा गंजतो, आणि पासिंगच्या आधी रंगरंगोटीचा खर्च त्याच घराच्या डोक्यावर बसतो.

रंग म्हणजे किती जाड?

टीकेकडे वळण्यापूर्वी गाडीचा रंग कसा असतो ते पाहू. आजच्या कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग विजेच्या साहाय्याने बसवलेला, गंज रोखणारा एक थर येतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंगद्रव्याचा थर, आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा एक थर, ज्याला क्लिअरकोट म्हणतात. हे सारे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे संपूर्ण रंगकाम दोन केसांइतके. त्यातला क्लिअरकोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका केसाहूनही पातळ. उन्हातील अतिनील किरणांचा मारा झेलण्याचे काम मुख्यतः याच थरावर सोपवलेले असते.

जुन्या गाड्यांना हा पारदर्शक थर नसे. फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि अँबॅसिडर यांच्या साध्या रंगांत रंगद्रव्य अगदी पृष्ठभागापर्यंत असे. उन्हाने वरचा भाग खडूसारखा भुकटीदार होई. तो घासून काढला की खालचा ताजा रंग दिसे आणि गाडी पुन्हा झळके. ‘रबिंग-पॉलिश’ची सवय आपल्याकडे त्या काळात पडली, आणि त्या गाड्यांपुरती ती बरोबरही होती. ट्रकच्या लाकडी आणि लोखंडी बॉडीला ब्रशने दिलेला एनॅमल रंग आजही याच जातीचा आहे.

आपल्यासमोरची गाडी कोणत्या जातीची, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या कोपऱ्यात चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंगद्रव्य उघडे आहे. फडका मळकट पांढराच राहिला तर वर क्लिअरकोट आहे. एवढी साधी चाचणी डब्यावर दोन ओळींत छापता येईल. ती तिथे सहसा नसते, ही आमची पहिली तक्रार.

ओरखडे जातात म्हणजे काय होते?

बहुतेक डबे सांगतात की ओरखडे नाहीसे होतात. ओरखडा म्हणजे एक खाच. खाच नाहीशी करण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर ती भरून टाकायची, नाहीतर तिच्या भोवतालची जमीन तिच्या तळापर्यंत खाली आणायची. पहिले काम मेण, तेल आणि सिलिकोन करतात. ते टिकाऊ नसते. चारदोन धुण्यांत भर निघून जाते आणि ओरखडा परत दिसतो. दुसरे काम पॉलिशमधील बारीक घर्षकद्रव्य करते. ॲल्युमिनियम ऑक्साइड, सिलिका, केओलिनसारखी माती असे त्याचे प्रकार असतात. हे काम टिकते, कारण तेवढा रंग कायमचा गेलेला असतो.

येथे वर्गात हिशेब घालण्यासारखा आहे. क्लिअरकोट ४० मायक्रॉन धरा. मशीनने केलेल्या एका पॉलिशमध्ये २ मायक्रॉन जातात असे समजा. दर वर्षी एकदा पॉलिश केले तर दहा वर्षांत २० मायक्रॉन, म्हणजे निम्मा थर संपला. दर तीन महिन्यांनी केले तर अडीच वर्षांतच ती पाळी येते. कडा आणि घड्या यांवर थर मुळातच पातळ असतो आणि मशीनचा दाब तेथेच जास्त पडतो, म्हणून तेथे रंग आधी उडतो. आकडे धरून घेतलेले आहेत, पण मुद्दा त्यांवर अवलंबून नाही. रंगाला वाढ नाही. दरवेळी खर्चच आहे, जमा कधीच नाही. म्हणून पॉलिश हे नित्याचे काम नव्हे, दुरुस्तीचे काम आहे. डबा मात्र ते नित्यनेमाने करायला सांगतो, कारण डबा संपला तरच दुसरा विकला जाईल.

ओरखड्यांची आणखी एक गंमत शिक्षकांना उपयोगी पडेल. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. लोक म्हणतात, फडका गोल फिरवल्यामुळे ती पडली. ते पुरते खरे नाही. रोज घासले जाणारे स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. तशीच वर्तुळे दिसतील. आता डोके हलवा. वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतील. खरोखरची वर्तुळे सरकली नसती. बारीक ओरखडे सर्व दिशांना असतात, पण प्रतिबिंबाभोवती ज्यांची दिशा योग्य पडते तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश पाठवतात, आणि त्यांतून वर्तुळाचा आभास तयार होतो. परावर्तनाचा पाठ शिकवताना याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

रंगाला पोषण

दुसरा दावा असा की अमुक पॉलिश रंगाला पोषण देते, त्यातील तेले रंगात मुरतात, रंग श्वास घेऊ लागतो. ही भाषा केसांच्या तेलाच्या जाहिरातीतून आली असावी. वाळून पक्का झालेला रंग ही एकमेकांत गुंतलेल्या लांब रेणूंची जाळी असते. ती खात नाही आणि श्वासही घेत नाही. तेलाने सुकट रंग काही दिवस गडद दिसतो हे खरे. ओला दगड कोरड्या दगडापेक्षा गडद दिसतो, त्याचेच हे भावंड. खडबडीत पृष्ठभागाच्या खाचा भरल्या की प्रकाश इकडे तिकडे विखुरणे कमी होते आणि रंग खोल दिसतो. दगडाला मात्र आपण पोषण दिले असे म्हणत नाही.

पाण्याचे मोती

तिसरा दावा चित्रातच असतो: झळकत्या बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब. थेंब गोळा होतात म्हणजे संरक्षण आहे, असे ग्राहकाने समजावे. थेंबाचा आकार त्याच्या स्पर्शकोनावर ठरतो. थॉमस यंगने १८०५ साली या कोनाचा विचार मांडला. मेण लावलेल्या गुळगुळीत रंगावर हा कोन ९० अंशांच्या थोडा पुढे जातो. कमळाच्या पानावर तो १५० अंशांच्याही पुढे असतो, कारण तेथे मेणाबरोबर अतिशय बारीक उंचवटेही असतात. बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली हे सविस्तर दाखवले. कमळावरून थेंब घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. गाडीच्या सपाट टपावरचा थेंब मात्र बसून राहतो आणि तेथेच वाळतो. पाणी बोअरवेलचे जड असेल तर त्यातील कॅल्शियमचे क्षार गोल डागाच्या रूपाने मागे राहतात. म्हणजे चित्रातले टपोरे थेंब हे पुसून काढण्याचे काम आहे, मिरवण्याची वस्तू नव्हे.

थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतात, हा उलट बाजूचा समजही ऐकू येतो. हंगेरीतील संशोधकांनी २०१० साली पानांवर हा प्रश्न तपासला. गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाने पान भाजत नाही, असे त्यांना आढळले. अशा थेंबात प्रकाश एकत्र येण्याची जागा पानाच्या खाली पडते. रंगावर बसलेला थेंब याच प्रकारचा. डाग पडतात ते क्षारांमुळे.

थेंब गोळा होणे म्हणजे पृष्ठभाग पाण्याला नको म्हणतो, एवढाच अर्थ. थर किती जाड, किती दिवस टिकणार, ऊन किती अडवणार, हे थेंब सांगत नाही. जाडीचा अंदाज हवा तर पुन्हा हिशेब करावा. गाडीचा रंगवलेला पृष्ठभाग १० चौरस मीटर धरा आणि त्यावर २० घनसेंटिमीटर वॅक्स सारखे पसरले असे माना. थराची जाडी २ मायक्रॉन येते. त्यातला मोठा भाग उडून जाणारा द्रावक असतो, आणि वाळल्यावर आपण बरेचसे पुसूनही काढतो. उरते ते मायक्रॉनच्या आतले. दाट कवच, ढाल, चिलखत हे शब्द या थराला शोभत नाहीत.

नऊ एच

अलीकडे ‘सिरॅमिक’ लेपांचा बोलबाला आहे. त्यांच्यावर ९एच हा आकडा ठळक असतो, आणि विकणारा माणूस सांगतो की हिरा दहा आणि हे नऊ. येथे दोन वेगळ्या पट्ट्यांची सरमिसळ झाली आहे. खनिजांच्या कठीणपणाची पट्टी फ्रीडरिश मोस याने १८१२ साली सुचवली. तिच्यात शंखजिरे १, कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७ आणि हिरा १० आहे. ९एच मधला नऊ या पट्टीवरचा नाही. तो पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या कंपासपेटीत एचबी, टूबी, टूएच अशा पेन्सिली असतात. त्याच मालिकेचे कठीण टोक म्हणजे ९एच. रंगाच्या चाचणीत पेन्सिल ४५ अंशांत धरून ठरावीक भाराने रंगावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने खूण पडते ते पाहतात. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि माती. त्यातली सर्वांत कठीण पेन्सिलही क्वार्ट्झच्या जवळपास पोचत नाही.

आता आपल्या रस्त्यावरची धूळ पाहू. भिवंडीच्या परिसरातील खडक दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. त्यातील फेल्डस्पार मोसच्या पट्टीवर ६ च्या आसपास. वाळूत क्वार्ट्झचे कण असले तर ते ७. अशी धूळ गाडीवर बसलेली असताना कोणी कोरडा फडका फिरवला, तर ९एच असो वा नसो, ओरखडे पडणारच. हे लेप निरुपयोगी आहेत असे आम्हाला म्हणायचे नाही. ते मेणापेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, आणि त्यांवरची घाण सहज निघते. पण हिऱ्याशी नाते सांगून त्यांची विक्री करणे ही सरळ दिशाभूल आहे.

अशीच दिशाभूल एका प्रात्यक्षिकात होते. लेप दिलेल्या बॉनेटवर स्पिरिट ओतून पेटवतात, ज्वाळा विझतात, आणि रंग शाबूत दिसतो. पाहणारा थक्क होतो. वास्तविक जळते ती द्रवाच्या वर उठलेली वाफ. खाली द्रव शिल्लक आहे तोवर पृष्ठभागाचे तापमान त्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. स्पिरिटच्या बाबतीत तो सुमारे ७८ अंश सेल्सिअस आहे. शिवाय पत्रा उष्णता बाजूला वाहून नेतो. लेप न दिलेले बॉनेटही त्या काही क्षणांत बहुधा तसेच टिकले असते. तुलनेसाठी दुसरे बॉनेट ठेवलेले नसते, हीच त्या प्रयोगातली उणीव. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे समजावायला यापेक्षा चांगले वाईट उदाहरण नाही. मात्र हा प्रयोग वर्गात किंवा मैदानात मुळीच करू नये. सांगून पुरेसा आहे.

गंज कोठून येतो?

शेवटचा दावा गंजाचा. आपल्या क्षरणाच्या पाठात खिळे ठेवलेल्या परीक्षानळ्या असतात. हवा आणि पाणी दोन्ही असतील तेथे खिळा गंजतो, हे मुलांना ठाऊक असते. हेच ज्ञान गाडीला लावावे. जेथे रंगाचा थर अखंड आहे तेथे गंज रोखायला मेणाची वाट पाहावी लागत नाही. रंगच ते काम करतो. गंज सुरू होतो तो खडी उडून टवका गेलेल्या जागी, दाराच्या खालच्या कडेला, पाणी वाहून जाण्याची भोके चिखलाने बुजलेली असतील तेथे, चाकाच्या कमानीच्या आत. पॉलिश लागते ते नेमके या जागा सोडून: बॉनेटला, टपाला, म्हणजे जेथे नजर जाते तेथे. खाडीच्या बाजूच्या हवेत मीठ असते आणि चार महिने पाऊस असतो. तेथे टवक्यावर वेळीच लावलेला प्रायमर आणि रंगाचा थेंब हा वर्षभराच्या वॅक्सपेक्षा गाडीचे आयुष्य जास्त वाढवील. हे सांगणारा डबा आमच्या पाहण्यात नाही, कारण त्यात डब्याची विक्री नाही.

भिवंडीला माहीत असलेले मेण

मग मेण लावूच नये काय? लावावे, पण ते काय करते हे समजून. भिवंडीला हे दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. मागावर जाण्यापूर्वी ताण्याचे सूत सायझिंगला जाते. तेथे त्याला खळीचा लेप मिळतो. त्या लेपात स्टार्चबरोबर मेणासारखा किंवा चरबीसारखा स्निग्ध पदार्थही घालतात. कशासाठी? मागावर सूत हजारो वेळा घासले जाते. तो मार लेपाने खावा आणि सुताने वाचावे. कापड विणून झाले की पुढच्या प्रक्रियेत हा लेप धुऊन टाकतात. तो टिकण्यासाठी नसतोच, जाण्यासाठीच असतो.

गाडीवरचे मेण हे असेच. ते घर्षण कमी करते, त्यामुळे पुसताना कण रुतण्याऐवजी घसरतात. पक्ष्यांची विष्ठा, सायझिंगच्या धुराड्यांची राख, झाडाचा चीक यांचा रंगाशी थेट संबंध ते काही काळ टाळते. आणि स्वतः हळूहळू निघून जाते. कारनौबा नावाचे मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळते. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्याचा विचार केला की कारनौबाला मान का, ते कळते. पण डब्यावर कारनौबाचे नाव असले म्हणून आत ते किती आहे हे कळत नाही. त्यात इतर मेणे, सिलिकोन आणि द्रावकच जास्त असू शकतात.

सिलिकोनबद्दल एक सूचना. सिलिकोनचे अंश पत्र्यावर राहिले आणि त्यावर नवा रंग मारला तर रंग ठिकठिकाणी मागे सरतो आणि बारीक गोल खळगे पडतात. जेथे एकाच शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंग आणि पॉलिश दोन्ही चालते तेथे एकाच्या फवाऱ्याने दुसऱ्याचे काम बिघडते. नव्याने रंगवलेल्या भागाला घाईने मेणही लावू नये. आतला द्रावक बाहेर पडून रंग पक्का व्हायला महिनाभर तरी द्यावा.

निवड आणि रीत

वरील सर्व लक्षात घेता निवडीचा नियम थोडक्यात असा. रंग गुळगुळीत आणि झळकता असेल तर पॉलिश नको. धुणे आणि वर्षातून दोनतीनदा वॅक्स पुरे. रंग मंद झाला असेल पण नखाला खाच लागत नसेल तर सर्वांत सौम्य पॉलिश, हाताने, तेवढ्याच भागाला, आणि नंतर वॅक्स. नख अडकत असेल तर पॉलिशने तो ओरखडा काढण्याचा हट्ट सोडावा. तेथे टचअपचा रंग हवा. ‘पॉलिश आणि वॅक्स एकत्र’ असे लिहिलेला डबा दरवेळी थोडे काढतो आणि थोडे घालतो. ट्रकच्या जुन्या एनॅमलला तो चालेल. क्लिअरकोटच्या गाडीला तो वारंवार लावणे म्हणजे सूत वाचवायला खळ लावताना सूतच कापण्यासारखे आहे.

डब्यावरच्या एका सूचनेचे मात्र कौतुक केले पाहिजे. सावलीत, गार पत्र्यावर लावा, असे बहुतेकांवर असते आणि ते बरोबर आहे. तापलेल्या पत्र्यावर द्रावक झटकन उडतो आणि मेणाचे ओघळ चिकटून बसतात. थर पातळ द्यावा. तो धुरकट वाळला की स्वच्छ फडक्याने उचलावा. वॅक्सने काळा पडलेला फडका चुलीजवळ किंवा बिडीजवळ ठेवू नये. द्रावक रॉकेलच्या जातीचे असतात. बंद शेडमध्ये हे काम करू नये. शाळा सुटल्यावर गॅरेजवर हाताखाली जाणारे विद्यार्थी आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात आहेत. उघड्या हातांनी दिवसभर हे द्रावक चोळणे त्वचेला चांगले नाही, हे त्यांना आपणच सांगितले पाहिजे.

फडक्याविषयी दोन शब्द. मागावरून उतरलेले कोरे कापड आणि चिंध्या गावात मुबलक, म्हणून गाड्या त्यांनीच पुसतात. कोऱ्या सुती कापडावर खळ असते आणि कापसाचे स्वतःचे नैसर्गिक मेणही असते. त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो काही वेळ तसाच बसून राहील. जे कापड पाणी पीत नाही ते गाडीही नीट टिपत नाही, आणि खळीचे कडक पापुद्रे घासतात ते वेगळेच. तेच कापड दोनतीनदा गरम पाण्यात धुतले की चांगले काम देते. दुकानातला महाग मायक्रोफायबरचा फडका म्हणजे काय, हे भिवंडीच्या मुलांना त्यांच्याच भाषेत सांगता येईल. ९००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. ७५ डेनिअरच्या पॉलिएस्टर सुतात ३६ तंतू असतील तर एक तंतू दोन डेनिअरच्या थोडा वर. मायक्रोफायबरचा तंतू एक डेनिअरहूनही कमी. बारीक तंतूंच्या मधल्या असंख्य फटींत पाणी आणि कण ओढले जातात. पण कोणताही फडका असो, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याची सवय मोडली तर पॉलिशची गरजच अर्धी कमी होईल.

डब्यावर काय नाही?

आवेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे वैधमापन नियम डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ माप आणि किंमत मागतात. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत दिली की नियमाचे समाधान होते, मराठी ऐच्छिक. रिक्षा चालवणाऱ्या पालकाला मग चित्रावरूनच निवड करावी लागते. आमची मागणी साधी आहे. हे काढणारे की घालणारे, घर्षक किती खरखरीत, सिलिकोन आहे की नाही आणि वर्षातून किती वेळा वापरावे, या चार गोष्टी मराठीत छापाव्यात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीची वाट ठेवली आहे. पण तक्रार करायला आधी दिशाभूल ओळखता आली पाहिजे.

ते काम वर्गाचे. मुलांना घरातील, गॅरेजमधील रिकामे डबे आणायला सांगावे. आत काही उरलेले नको. प्रत्येक डब्यावरचे दावे फळ्यावर तीन रकान्यांत मांडावेत: मोजता येण्याजोगे, मोजता न येणारे आणि अर्थहीन. नंतर स्टीलच्या ताटाचा आणि कोऱ्या कापडावरच्या थेंबाचा प्रयोग करावा. भंगारात मिळणारा रंगीत पत्र्याचा एक तुकडा घेऊन त्याच्या अर्ध्या भागाला मेण लावावे, दोन्ही अर्ध्यांवर टवक्याची एक खूण करावी आणि पावसाळाभर शाळेच्या गच्चीवर ठेवावा. अर्धा भाग मेणाविना ठेवायला विसरू नये. सप्टेंबरअखेर टवक्यापासून गंज किती मिलिमीटर पसरला हे पट्टीने मोजून दोन्ही आकडे आम्हाला कळवावेत. भिवंडीच्या खाडीकाठच्या आणि आतल्या भागातल्या शाळांनी एकाच वर्षी हे केले तर त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील.